ऐंशी रुपये आणि एक सल्ला

(धंदा सुरू करायला भांडवल लागते. पण तो टिकवायला काय लागते? मुंबईतील सात स्त्रियांना हे एका वडीलधाऱ्या मार्गदर्शकाने शिकवले. त्यांची हकिकत या पाठात सांगितली आहे.)

'लज्जत' हा शब्द तुम्हां उर्दू बोलणाऱ्यांना नवा नाही. लज्जत म्हणजे चव, स्वाद. हा शब्द मराठीतही आहे. गुजराती भाषेत त्याचे रूप झाले 'लिज्जत'. पापडाच्या पाकिटावर हे नाव तुम्ही अनेकदा वाचले असेल. त्या नावामागे सात स्त्रियांचे कष्ट आहेत.

या सात जणी मुंबईत गिरगावात राहत होत्या. घरची परिस्थिती बेताची होती. फारसे शिक्षण झालेले नव्हते. त्यामुळे नोकरी मिळणे कठीण होते. घरातले काम आटोपले, की दुपारी थोडा वेळ मोकळा असे. त्या वेळात चार पैसे मिळवावेत, घराला हातभार लावावा, असे त्यांना वाटू लागले. पण करायचे काय? त्यांना एकच कला उत्तम येत होती, ती म्हणजे स्वयंपाकाची. म्हणून त्यांनी पापड करायचे ठरवले.

पण उडदाचे पीठ, मिरी, हिंग आणायला पैसे हवे होते. त्यांनी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले. छगनलाल हे समाजसेवक होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य होते. लोक त्यांना आदराने 'छगनबापा' म्हणत.

१५ मार्च १९५९ रोजी या स्त्रिया इमारतीच्या गच्चीवर जमल्या. पोळपाट-लाटणी घेऊन त्यांनी पापड लाटले आणि उन्हात वाळत घातले. त्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. भुलेश्वरमधील ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी आपले पापड विकायला सुरुवात केली.

सुरुवातीला त्या दोन प्रकारचे पापड करीत. एक चांगल्या प्रतीचा आणि दुसरा हलक्या प्रतीचा. हलका पापड कमी किमतीत विकता येईल, असा त्यांचा हिशेब होता. वरवर पाहता यात काही चूक दिसत नाही. पण छगनबापांना हे पसंत पडले नाही. पापड एकाच प्रतीचा करा, तो उत्तमच करा आणि त्याच्या दर्जात कधीही तडजोड करू नका, असा सल्ला त्यांनी दिला.

हा सल्ला मानणे सोपे नव्हते. स्वस्त माल लवकर खपतो. हाती पैसा नसताना असे गिऱ्हाईक सोडून देणे म्हणजे मोठे धाडस होते. पण थोडा विचार करून पाहा. ज्याने हलका पापड खाल्ला, त्याला तो स्वस्त होता हे लक्षात राहील का? 'यांचा पापड चांगला नसतो,' एवढेच त्याच्या लक्षात राहील. एकाच हाताने केलेला वाईट माल चांगल्या मालाचेही नाव घालवतो. स्त्रियांना हे पटले. हलका पापड बंद झाला.

छगनबापांनी आणखी एक गोष्ट शिकवली. हे काम विरंगुळा म्हणून करू नका, धंदा म्हणून करा आणि पैशापैशाचा हिशेब लिहून ठेवा. त्या स्त्रियांनीही मनाशी एक निश्चय केला होता. तोटा झाला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही. दान घ्यायचे नाही. छगनबापांचे ८० रुपयेसुद्धा दान नव्हते, ते कर्ज होते.

लवकरच परीक्षेची वेळ आली. पावसाळा सुरू झाला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद ठेवावे लागले. पण दुसऱ्या वर्षी त्यांनी युक्ती शोधली. एक खाट आणि एक शेगडी विकत घेतली. खाटेवर पापड पसरले आणि खाली शेगडी पेटवली. बाहेर पाऊस कोसळत होता आणि आत पापड वाळत होते!

पहिल्या वर्षी एकूण ६,१९६ रुपयांची विक्री झाली. तुटलेले पापड त्यांनी विकले नाहीत, शेजाऱ्यांना वाटून टाकले. जाहिरातीसाठी पैसे नव्हते. पण खाणारे एकमेकांना सांगू लागले. वर्तमानपत्रांत लेख आले. तीन वर्षांत तीनशेहून अधिक स्त्रिया या कामात आल्या. गच्ची अपुरी पडू लागली. तेव्हा मळलेले पीठ घरी न्यायचे, पापड लाटून परत आणायचे, ते वजन करून द्यायचे आणि मजुरी घ्यायची, अशी पद्धत सुरू झाली. १९६२ साली बक्षीस ठेवून नावे मागवली गेली. बक्षीस होते ५ रुपये! त्यांतून 'लिज्जत' हे नाव निवडले. दूरदर्शनच्या जाहिरातीतला ससा पुष्कळ वर्षांनी आला. तो बोलक्या बाहुल्यांचे कलाकार रामदास पाध्ये यांनी बनवला होता. म्हणजे आधी चव लोकांपर्यंत पोहोचली, ससा मागून आला.

'श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड' या संस्थेत आज ४० हजारांहून अधिक स्त्रिया काम करतात. सर्व जाती-धर्मांच्या स्त्रियांना तिचे दार खुले आहे. प्रत्येक जण संस्थेची मालकीण असते. नफा सर्वांचा आणि तोटाही सर्वांचा. त्या सात जणींपैकी एक, जसवंतीबेन जमनादास पोपट, यांना २०२१ साली 'पद्मश्री' जाहीर झाली.

छगनबापांचे ८० रुपये केव्हाच खर्च झाले, पण त्यांचा सल्ला अजून उपयोगी पडतो आहे. पैसे देणारा मनुष्य आपली एक अडचण दूर करतो. योग्य मार्ग दाखवणारा मनुष्य आपल्याला स्वतःच्या पायांवर उभे करतो. मात्र त्या मार्गावर चालायचे कष्ट आपले आपणच करायचे असतात.

शब्दार्थ
बेताची परिस्थिती – गरिबीची स्थिती
हातभार लावणे – मदत करणे
प्रत – मालाचा दर्जा
तडजोड करणे – थोडे कमी चालवून घेणे
गिऱ्हाईक – माल विकत घेणारा
विरंगुळा – मन रमवण्याचे साधन
हात पसरणे – मदत मागणे, याचना करणे

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) सात स्त्रियांनी छगनबापांकडून किती रुपये घेतले?
(आ) 'लिज्जत' या शब्दाचा अर्थ काय?
(इ) तुटलेल्या पापडांचे त्या काय करीत?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) छगनबापांनी हलका पापड बंद करायला का सांगितले असेल?
(आ) पावसाळ्यातील अडचण स्त्रियांनी कशी सोडवली?

प्र. ३. वाक्यांत उपयोग करा : हातभार लावणे, हात पसरणे.

उपक्रम : तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या दुकानदाराला किंवा कारागिराला भेटा. 'तुम्हांला हे काम कोणी शिकवले?' असे विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती मराठीत आठ ओळींत लिहा.