मिर्यामची जागा
शास्त्रवाचन: निर्गम 2:1-10



या तिमाहीचा पाठ मोशेच्या जन्माचा आहे. संडे स्कूलपासून आपण तो ऐकत आलो. या वेळी मोशेला थोडे बाजूला ठेवून तीन स्त्रियांकडे पाहू: आई, बहीण आणि फारोची कन्या.

आईने बाळाला तीन महिने लपवले. पुढे ते जमेना, तेव्हा तिने लव्हाळ्यांचा पेटारा करून त्याला नदीकाठी ठेवले. राजकन्येने बाळ उचलले, आणि त्याच आईला ते दूध पाजण्यासाठी परत मिळाले, शिवाय वेतनही मिळाले. ज्या राजवाड्यातून बाळांच्या मरणाचा हुकूम निघाला, त्याच राजवाड्याच्या पैशावर हे बाळ वाढले. पण आई आणि राजकन्या आपणहून भेटल्या नाहीत. मध्ये बहीण होती. ती लांबून पाहत उभी राहिली, वेळ येताच पुढे झाली आणि बोलली.

पाड्यांवरच्या कामात मला हीच जागा रिकामी दिसते. लग्नाआधी दिवस गेलेली मुलगी असो की नवऱ्याने टाकलेली गरोदर बाई, "गर्भपात पाप आहे" असे सांगणारे तिला पुष्कळ भेटतात. "मग मी काय करू?" याचे उत्तर देणारे थोडे. त्या उत्तराचा मोठा भाग सरकारदरबारी तयार आहे. तो आपल्याला ठाऊक हवा.

1. आहार व बाळंतपण: आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे जेवण मिळते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. गावाकडच्या आदिवासी मातेला जननी सुरक्षा योजनेतून 700 रुपये मिळतात.

2. पैसा: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये, आणि दुसरी मुलगी झाल्यास 6000 रुपये मिळतात. सुधारित नियमांत नवऱ्याचे आधार कार्ड सक्तीचे नाही. एकट्या बाईला "नवऱ्याचे कागद आण" म्हणून कोणी परत पाठवले, तर हा नियम दाखवा.

3. आसरा: घरातून हाकलले असेल तर 181 ही महिला मदतवाहिनी आहे. 'सखी' केंद्रात तात्पुरता निवारा, समुपदेशन व कायद्याचा सल्ला मिळतो.

4. मूल सांभाळणे शक्य नसेल तर: बाल न्याय कायदा, 2015 नुसार आई आपले मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. फेरविचारासाठी तिला दोन महिने मिळतात. या चौकशीत आईवर गुन्हा नोंदवला जात नाही. त्यानंतरच मूल कायदेशीर दत्तक जाते. ओळखीच्या कुटुंबाला मूल परस्पर देऊन टाकणे बेकायदा आहे, मग देणारे मंडळीतले असोत वा घेणारे.

5. कायदा: 1971 च्या कायद्याने, 2021 च्या दुरुस्तीसह, ठरावीक मुदतीत व अटींवर गर्भपाताला परवानगी आहे. हे तिच्यापासून लपवू नका. धाकाने घेतलेला निर्णय तिचा नसतो. जडीबुटी किंवा दुकानातून आणलेल्या गोळ्या मात्र जिवावर बेतू शकतात, हे स्पष्ट सांगा. मुलगी 18 वर्षांखालील असेल तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "गावातच मिटवू" हा मार्ग तेथे नाही.

हे सारे असूनही बाई एकटी तालुक्याला जात नाही. भाषा अडते, बसभाड्याला पैसे नसतात, आणि लाज तर सर्वांत जड. तिच्यासोबत आशाताईंकडे जाणे, बँकेत खाते उघडून देणे, दवाखान्याच्या रांगेत शेजारी बसणे, आणि बाळ झाल्यावर सहा महिन्यांनीही तिच्या दारी जाणे, हे मिर्यामचे काम आहे. मंडळीत तिच्याविषयी कुजबुज झाली, तर योजना कितीही चांगली असो, ती आपल्याकडे येणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न
1. आपल्या मंडळीतील अविवाहित मुलीला दिवस गेले, तर ती प्रथम कोणाकडे जाईल? आपल्याकडे का नाही?
2. आपल्या गावच्या आशाताई व अंगणवाडीताईंची नावे आपल्याला माहीत आहेत का?
3. सोबत जाण्यासाठी कोणत्या दोन बहिणी तयार आहेत?

प्रार्थनेचा विषय: ज्या आज आपले ओझे लपवून आहेत त्यांच्यासाठी, आणि आपल्याला पुढे होण्याचे धैर्य मिळावे म्हणून.