खाऱ्या पाण्याचे स्नान : गुण किती, धोका किती?

मे महिन्यात, धूळवाफ पेरणीच्या आधी थोडी उसंत मिळाली की खानापूर-बेळगावकडील आपली काही कुटुंबे घाट उतरून गोव्याच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याच्या स्नानाला जातात. गुडघे धरले, अंगाला खाज सुटली की वडीलधाऱ्यांचा हा सल्ला ठरलेलाच. ही प्रथा आम्ही वाईट म्हणत नाही. मात्र तिचा गुण कोठवर आणि धोका कोठून, हे शेतकरी बंधुभगिनींनी जाणून घ्यावे.

प्रथम गुण पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असते व अंग त्यात हलके होते. दुखऱ्या सांध्यांवरचा भार कमी होऊन ते मोकळेपणी हलवता येतात. चार दिवसांची विश्रांतीही मिळते. सोरायसिससारख्या त्वचारोगात खारे पाणी आणि ऊन यांनी काहींना आराम पडतो. परंतु हा आराम आहे, रोगाचे निर्मूलन नव्हे. चालू औषध बंद करू नये.

समुद्राचे पाणी पिऊ मात्र नये. इंग्लंडमधील डॉ. रिचर्ड रसेल 18व्या शतकात रुग्णांना ते पाजीत असत. आज आपल्याला ठाऊक आहे की, जादा मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला आपलेच पाणी खर्चावे लागते.

आता धोका. "मिठाने जखम भरते" असे समजून पुष्कळजण भेगाळलेल्या टाचा, विळ्याचे काप घेऊन पाण्यात उतरतात. हे चुकीचे आहे. कोमट खाऱ्या पाण्यात, विशेषतः नदीच्या मुखाशी, व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. ते जखमेतून शरीरात शिरतात. असे क्वचितच घडते. पण मधुमेह किंवा यकृताचा विकार असणाऱ्यांच्या ते जिवावर बेतू शकते. स्नानानंतर एकदोन दिवसांत जखम सुजली, असह्य ठणकू लागली, काळसर फोड वा ताप आला, तर घरगुती लेप लावीत बसू नये. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे आणि समुद्रात उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

ओहोटीच्या वेळी खडकांत साचलेली डबकी लहान मुलांना व वृद्धांना सुरक्षित वाटतात. तेथे लाटा नसतात हे खरे. पण शेवाळावरून पाय घसरतो, कालवांच्या धारदार शिंपांनी तळवा कापतो आणि भरती येताच परतीची वाट बंद होते.

म्हणून एवढे पाळावे :

1. अंगावर उघडी जखम असल्यास ती भरेपर्यंत स्नान टाळावे.

2. मधुमेह्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. बधिर पायाला चटका कळत नाही.

3. नाला समुद्राला मिळतो तेथे उतरू नये. कानाचा पडदा फाटला असल्यास डोके बुडवू नये.

4. सकाळी लवकर, कमरेइतक्याच पाण्यात, सोबतीने स्नान करावे. लाल बावट्याच्या जागी आणि पावसाळ्यात मुळीच उतरू नये.

5. नंतर गोड्या पाण्याने अंग धुवावे व खोबरेल लावावे.

किनाऱ्यावर निघण्याच्या आदल्या रात्री घरातील प्रत्येकाचे तळवे दिव्याच्या उजेडात तपासावेत. पेरणीच्या दिवसांत हेच पाय आपल्याला शेतात उभे करणार आहेत.