गोळीआधी घड्याळ

हृदयविकाराच्या रुग्णाला डिगॉक्सिनची गोळी देण्यापूर्वी परिचारिका त्याच्या छातीला स्टेथॉस्कोप लावते आणि घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट ठोके मोजते. प्रौढ रुग्णाचे ठोके ६० पेक्षा कमी भरले, तर गोळी न देता ती डॉक्टरांना कळवते. असे का बरे?

डिगॉक्सिन हे डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळते. तिचे औषधी गुण इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ साली ग्रंथरूपाने मांडले. हे औषध हृदयाच्या आकुंचनाला जोर देते, पण ठोक्यांची गती कमी करते. मात्रा थोडी जास्त झाली, तरी ते विषारी ठरते. मळमळते, सारे पिवळसर दिसते, ठोके अनियमित होतात.

अशा रुग्णाच्या पायांवरची सूज उतरावी म्हणून पुष्कळदा फ्रुसेमाइडसारखे लघवी वाढवणारे औषधही देतात. लघवीतून पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जाते. हृदयाच्या पेशींवर डिगॉक्सिन जेथे चिकटते, तेथे पोटॅशियम त्याला अडवत असते. पोटॅशियम घटले की नेहमीचीच मात्रा बाधू लागते! म्हणून रक्तातील पोटॅशियमही तपासावे लागते.

आता कळले ना, गोळी हातात असूनही परिचारिका एक मिनिट का थांबते ते?