रात्रीं चकाकणारा डोळा

ठाण्याच्या मानपाड्यास लागूनच येऊरच्या डोंगराचें रान आहे. तें संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून त्यांत बिबटे राहतात. रात्रीं रानाकडे विजेरी फिरविली असतां कधीं कधीं झुडपांत दोन ठिणग्या दिसतात. पुष्कळांची समजूत अशी कीं, जनावराच्या डोळ्यांत अंगचाच उजेड असतो. आम्ही वाचकांस सांगतों कीं, तसें नाहीं. विजेरी विझली कीं ठिणग्याही विझतात. मग ही चकाकी येते कोठून?

डोळ्याच्या पुढील भागीं काचेसारखें स्वच्छ पटल असतें. त्यामागें बुबुळाचा रंगीत पडदा, व त्याच्या मधोमध बाहुली. बाहुली ही काळी वस्तु नव्हे. तें नुसतें छिद्र आहे. अंधाऱ्या खोलीची खिडकी बाहेरून काळी दिसते, तशांतला हा प्रकार. छिद्रामागचें भिंग किरण एकत्र करून तळाच्या दृष्टिपटलावर पाडतें. मनुष्याच्या ह्या पातळ पटलांत अंधुक उजेड टिपणाऱ्या सुमारें १२ कोटि शलाकापेशी, व रंग ओळखणाऱ्या सुमारें ६० लक्ष शंकुपेशी असतात. आणि सगळा डोळा केवढा, तर मोठ्या बोराएवढा!

बिबट्या, मांजर, गाय, शेळी ह्यांच्या दृष्टिपटलामागें आणखी एक चकचकीत थर असतो. पटलांतून निसटलेला किरण त्यावर आपटून पुन्हां पटलांतून जातो, म्हणजे तोच उजेड जनावराच्या दोनदां उपयोगी पडतो. मांजराच्या जातींत हा आरसा पेशींच्या थरांचा असतो, गाईम्हशींत दाट तंतूंचा. गोठ्यांत दिवा नेला असतां गाईचा डोळा निळसर-हिरवा चमकतो तो ह्याच तंतूंमुळें. मात्र अशा आरशानें चित्र किंचित् पुसट होतें. डुकरास हा आरसा नाहीं, आणि मनुष्यासही नाहीं.

ही शेवटची गोष्ट आयांनीं विशेष ध्यानांत ठेवावी. छायाचित्रांत मुलाच्या बाहुल्या लाल उमटतात, तो मागील रक्तवाहिन्यांचा रंग होय. त्यांत भय नाहीं. परंतु बाहुली मांजराप्रमाणें पांढरी किंवा पिवळसर चकाकूं लागली, तर त्याचें कौतुक करूं नये. भिंगांत मोतीबिंदु झाला असेल, किंवा दृष्टिपटलावर कर्करोगाची गांठ वाढत असेल. हा कर्करोग बहुधा पांच वर्षांच्या आंतील मुलांस होतो. आरंभीं तो सहसा दुखत नाहीं. मूल रडत नाहीं, आणि दिवस निघून जातात. वेळीं उपचार झाल्यास बहुतेक मुलें वांचतात, कित्येकांची दृष्टीही राहते. उशीर झाल्यास गांठ मज्जातंतूच्या वाटेनें मेंदूकडे सरकते. तेव्हां काजळ, अंजन, पाल्याचा रस ह्यांपैकीं कांहीं एक न घालतां मुलास तत्काळ नेत्रवैद्यास दाखवावें. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं उघडलेल्या टाटा स्मारक रुग्णालयांत ह्या रोगावर उपचार होतात.