बेटावर उतरताना केळी सोबत नेऊ नका

हैदराबादच्या गौलीगुड्यातली मराठी माणसं काशी-रामेश्वर पिढ्यान्‌पिढ्या करत आली. जहाजात बसून लंका बघणारी मात्र अलीकडची. जून २०२३ मध्ये चेन्नई बंदरातून श्रीलंकेच्या क्रूझ सुरू झाल्या आणि आमच्याकडच्या भिशीमंडळांत, लग्नाच्या पंगतीत ‘हंबनटोटा’, ‘त्रिंकोमाली’ ही नावं ऐकू यायला लागली. नामपल्लीहून संध्याकाळी चारमिनार एक्स्प्रेस धरायची, सकाळी चेन्नई, दुपारनंतर जहाज. आम्हीही असेच गेलो. घरची सहा-सात माणसं, शेजारची दोन कुटुंबं, आणि प्रत्येकाच्या पिशवीत जहाजावर चालणार नाही असं बजावूनही नेलेला चिवडा.

जहाजावरच्या दिवसांबद्दल मला फारसं सांगायचं नाही. खाणं मुबलक असतं आणि डेकवर वारा चांगला असतो. सांगायचं आहे ते किनाऱ्यावर उतरण्याच्या दिवसाबद्दल, कारण तो दिवस कागदावर दिसतो तेवढा मोठा नसतो. बंदरात जहाज आठ ते पाच थांबणार असं छापलेलं असतं. त्यातून रांग, पासपोर्टची तपासणी आणि बसची वाट वजा करा. जहाज सुटण्याच्या तास-दीड तास आधी परत या म्हणतात, तेही वजा करा. हातात उरतात चार-पाच तास. एवढ्यात बेटही बघायचं आणि प्राणीही भेटायला हवेत, ही प्रत्येकाची इच्छा असते. गोंधळ इथेच सुरू होतो. रानातला प्राणी आपल्या वेळेवर येत नाही. मग वेळ नसलेला माणूस खाऊ पुढे करतो.

त्रिंकोमालीला प्राणी आपणहून समोर येतात, म्हणून ते ठिकाण जास्त जपून बघावं. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेल्या डोंगरावर फोर्ट फ्रेडरिक आहे. पोर्तुगिजांनी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथलं कोणेश्वराचं देऊळ पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. पुढे डच आले, मग इंग्रज. आज किल्ल्यात श्रीलंकेचं लष्कर आहे आणि अगदी वर, स्वामी रॉकच्या कड्यावर, विसाव्या शतकात पुन्हा उभारलेलं कोणेश्वर. किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलं की चितळ दिसू लागतात. झाडाखाली बसलेले, रस्त्यावर आडवे उभे राहिलेले. माणसाला बिचकत नाहीत. शिंगांचा नर हातभर अंतरावर येऊन पिशवीला नाक लावतो. पोरंच काय, आमच्यातली साठी उलटलेली मंडळीसुद्धा हरखून गेली.

बिस्किटं निघाली. चितळ रवंथ करणारं जनावर आहे. पाला, गवत पचवायला त्याचं पोट बनलेलं असतं. मैदा-साखरेचा मारा झाला की पोटात आम्ल वाढतं आणि ते आजारी पडतं. पुडा खाली टाकला तर खारट वासापायी प्लास्टिकही गिळतं, आणि गिळलेलं प्लास्टिक तिथेच अडकून बसतं. हे मी तिथे सांगितलं तर आमच्या शेजारणीने ‘एका बिस्किटानं काय होतंय हो’ म्हणून उडवून लावलं. त्यांचं एक बिस्किट. मागून दोन बसगाड्या येत होत्या.

माझ्या भावजयीने केळी आणली होती. यामागची भावना इकडच्या कुणालाही कळेल. आमच्या राम मंदिरापासून हनुमान जयंतीची मिरवणूक निघते ती थेट सिकंदराबादला ताडबंदच्या मारुतीपर्यंत जाते. त्या वातावरणात वाढलेल्या बाईला लंकेत, देवळाच्या वाटेवर माकड दिसलं, तर तिचा हात पिशवीकडे जाणारच. एक केळं दिलं. माकडाला अर्थातच सगळा घड हवा होता. त्याने पिशवीवर झडप घातली, तिने पिशवी सोडली नाही, आणि मनगटाच्या वर दोन ओरखडे उठले. एकातून रक्ताचा थेंब आला.

यानंतरची दहा मिनिटं महत्त्वाची होती आणि त्या दहा मिनिटांत जवळपास सगळ्यांनी चुकीचा सल्ला दिला. एकाने देवळातली विभूती लावायला सांगितलं. दुसऱ्याकडे हळदीची पुडी होती. बसचा वाटाड्या घड्याळ दाखवत म्हणाला, जहाजावर डॉक्टर आहेत, तिथे बघू. कुत्रं चावलं असतं तर यातलं कुणीच असं बोललं नसतं. गौलीगुड्याच्या गल्ल्यांत कुत्र्याच्या चाव्याची भीती लहानपणीच अंगात भिनते. पण रेबीज माकडाकडूनही येऊ शकतो, नुसत्या ओरखड्यानेही येऊ शकतो, आणि लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं.

माझ्या पुतणीने कुणाचं ऐकलं नाही. आईला नळाखाली उभं केलं, पर्समधला साबण काढला आणि मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावला. बसचा भोंगा वाजत राहिला. पंधरा मिनिटं हा आकडा तिने मनाचा काढलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनाही तेवढंच सांगते. या विषाणूला चरबीचं आवरण असतं, साबण ते मोडतो. म्हणून नुसतं पाणी पुरत नाही आणि दोन तासांनी जहाजावर जाऊन धुण्यात तेवढा अर्थ उरत नाही. जखमेवर चुना, तिखट, हळद काही लावायचं नाही. घट्ट पट्टी बांधायची नाही.

मग लस. त्वचा न फाटता नुसतं खरचटलं असेल तर लस पुरते. रक्त आलं असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन टोचावं लागतं. जहाजावरच्या दवाखान्यात ते मिळेलच असं धरून चालू नका. आम्हाला पहिली लस त्रिंकोमालीच्या सरकारी इस्पितळात मिळाली आणि इम्युनोग्लोब्युलिन चेन्नईत उतरल्यावर. पहिल्या लशीपासून सात दिवसांच्या आत ते घेता येतं, पण जितकं लवकर तितकं बरं. दंडातल्या लशीचं वेळापत्रक पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४, २८ असं असतं. यातला एखादा दिवस समुद्रात किंवा रेल्वेत येतोच, तेव्हा तो कुठे येतो हे पहिल्या दिवशीच मोजून ठेवा. लशीचं नाव आणि तारीख कागदावर लिहून घ्या. पुढचे डोस आम्ही नारायणगुड्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ प्रिव्हेन्टिव्ह मेडिसिनमध्ये घेतले. तिथे तो कागद पहिल्यांदा मागितला. विम्याच्या माणसानेही तोच मागितला.

या धावपळीत बसमधल्या बाकीच्यांचं कन्नियाच्या गरम पाण्याच्या कुंडांचं दर्शन हुकलं. काही जण कुरकुरले. कुरकुरू द्यावं. बस जहाजाच्या सहलीची होती, म्हणून उशीर होईल तर जहाजाला कळवता तरी आलं. बंदराबाहेर स्वतः ठरवलेल्या रिक्षात ही सोय नसते. तुम्ही पोचला नाहीत तर जहाज निघून जातं, आणि पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा. पासपोर्टची छायाप्रत आणि जहाजाच्या एजंटचा फोन नंबर खिशात असू द्या. घड्याळ बदलावं लागत नाही, लंकेची आणि आपली वेळ एकच.

मग त्या चार तासांत बघायचं काय? मिन्नेरियाचे हत्ती नकोत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तलावाकाठी ते शेकड्यांनी जमतात हे खरं, पण जायला दोन तास आणि यायला दोन. त्यात भरधाव गाडी आली. निलावेलीसमोरचं पिजन आयलंड करण्यासारखं आहे, मे ते सप्टेंबर समुद्र शांत असतो तेव्हा. २००३ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. पोवळ्यांच्या खडकांत काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क फिरतात आणि माणूस दिसला की तेच लांब जातात. लाइफ जॅकेट घाला आणि पोवळ्यांवर पाय ठेवू नका. तो दगड नाही, जिवंत वसाहत आहे. पायालाही जखम होते आणि ती सहज चिघळते.

पोहणं जमत नसेल तर माझं मत स्वामी रॉकला. दुर्बीण घेऊन कड्यावर बसा. खाली समुद्र एकदम खोल होतो, त्यामुळे देवमासे किनाऱ्याच्या इतके जवळ येतात की हंगामात कड्यावरूनही निळ्या देवमाशाच्या श्वासाचा फवारा दिसू शकतो. दिसेलच असं नाही. पण त्याला खायला घालायची सोय नाही, हा मोठा फायदा.

लहान मुलं बरोबर असतील तर निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांना रेबीजच्या प्रतिबंधक लशीबद्दल विचारा. आठवड्याच्या अंतराने दोन डोस घेतलेले असले तर पुढे चावा झाल्यावर इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही, लशीचे थोडे डोस भागतात. साबणाने धुणं मात्र तरीही चुकत नाही.