वाय-फाय अडॅप्टर घेताना आधी चिपसेट पाहावा

लॅपटॉपमध्ये वाय-फाय असताना नेटवर्क सुरक्षा शिकणारी मुले वेगळा यूएसबी अडॅप्टर मागतात, तेव्हा पालकांना तो हट्ट वाटतो. मागणीमागे कारण असते. वाय-फाय कार्ड एरवी आपल्यासाठी आलेला डेटाच पुढे पाठवते. चाचणीत मात्र आसपासच्या सगळ्या फ्रेम ऐकाव्या लागतात (मॉनिटर मोड) आणि स्वतः तयार केलेल्या फ्रेम सोडाव्या लागतात (पॅकेट इंजेक्शन). शिवाय सराव बहुधा व्हर्च्युअल मशीनमधल्या काली लिनक्सवर चालतो. तिथे लॅपटॉपचे आतले कार्ड वाय-फाय म्हणून दिसत नाही, यूएसबीवरचे दिसते.

मॉनिटर मोड आणि पॅकेट इंजेक्शन जमणार की नाही, हे चिपसेट आणि त्याचा लिनक्स ड्रायव्हर ठरवतात. अँटेनाची लांबी आणि खोक्यावरचा वेग इथे बिनकामाचे. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसचा एआर९२७१ होता. दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकचा चिपसेट आला, मॉडेलचे नाव मात्र तेच राहिले. जुना व्हिडिओ पाहून खरेदी करणाऱ्यांची गल्लत इथेच होते. परत करण्याची मुदत संपण्याआधी अडॅप्टर जोडून टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही कमांड द्यावी. ओळीत ०सीएफ३:९२७१ दिसले, तर आत एआर९२७१ आहे.

एआर९२७१ भरवशाचा, पण फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. ५ गिगाहर्ट्झही हवे असेल तर मीडियाटेकचा एमटी७६१२यू बरा; त्याचा ड्रायव्हर कर्नल ४.१९ पासून लिनक्समध्येच आहे. रिअलटेकचा आरटीएल८८१२एयू लोकप्रिय असला तरी त्याचा ड्रायव्हर बरीच वर्षे वेगळा बसवावा लागत असे आणि कर्नल अपडेट झाला की तो रुसत असे. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

पहिल्या वर्षी यातले काहीच विकत घेतले नाही तरी बिघडत नाही. या क्षेत्रातले बरेचसे काम वेब अ‍ॅप्लिकेशन आणि क्लाउडच्या तपासणीचे असते. वायरलेस हा त्यातला छोटा भाग. लिनक्स, टीसीपी/आयपी आणि वायरशार्कमध्ये तयार नमुना फाइल वाचणे एवढे अंगवळणी पडले की मगच खर्च करावा.

पालकांची खरी धास्ती कायद्याची असते, आणि ती रास्त आहे. मालकाच्या परवानगीविना नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खाली येते. तेच अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शेजाऱ्याचा राउटर ‘फक्त बघायला’ही घेऊ नये. घरचा राउटर आणि एक जुना मोबाइल एवढ्यावर डब्ल्यूपीए२ चा हँडशेक (जोडणी होतानाची देवाणघेवाण) पकडण्याचा सराव होतो. राउटरमध्ये डब्ल्यूपीए३ ची सोय असल्यास ती चालू करून तोच प्रयोग पुन्हा करावा. हँडशेक पुन्हा व्हावा म्हणून मोबाइलची जोडणी तोडण्याची जुनी युक्ती तिथे का चालत नाही, याचा शोध हाच पुढचा धडा.