फोटोला ‘जुना लूक’ देऊन विकायचाय? आधी तो किती साली काढलाय ते ठरवा

व्हिडिओत हात चालत होते म्हणून बऱ्याच गोष्टी भराभर बोलून गेलो. त्या इथे नीट लिहून देतोय. मोबाइल शेजारी ठेवा आणि वाचता वाचता करून बघा.

पहिला प्रश्न बहुतेक जण हाच विचारतात. व्हिंटेज फिल्टर तर प्रत्येकाच्या फोनमध्ये फुकट आहे, मग मला पैसे कोण देणार? बरोबर आहे. फिल्टरचे पैसे कोणी देणार नाही. गिऱ्हाईक पैसे देतं ते भिंतीवर लावता येईल अशा तसबिरीचे, आणि ती बघून घरातली म्हातारी माणसं “अगदी तेव्हाच्या फोटोसारखा दिसतोय” म्हणतील त्याचे. एका टॅपवर सगळा फोटो चहात बुडवल्यासारखा तपकिरी झाला, तर तो जुना दिसत नाही, नुसता मळका दिसतो.

आता करंजाड्याकडेच बघा. सिडकोने वसवलेला नोड, नव्या इमारती, नवे फ्लॅट, दर महिन्याला कुठे ना कुठे वास्तुशांत. कोऱ्या भिंती आणि त्यावर काहीतरी ‘आपलं’ लावायची हौस. हे झालं एक गिऱ्हाईक. दुसरं गिऱ्हाईक याहून जवळचं आहे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावं उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर ही त्यातलीच. तिथली बरीच कुटुंबं आज वडघर-करंजाडे-पुष्पकनगरच्या पट्ट्यात आणि उलव्याकडे राहतात. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. पण ज्या ओटीवर आजी बसायची ती ओटी आता फक्त कोणाच्या तरी मोबाइलमध्ये आहे. घर पाडायच्या आधी घाईघाईत काढलेला फोटो, कोपऱ्यात प्लास्टिकची खुर्ची, वर डिशची छत्री. हा फोटो आजोबांच्या तसबिरीशेजारी शोभेल असा करून द्या, असं काम तुमच्याकडे येऊ शकतं. हे काम हलक्या हाताने घ्यायचं नाही.

साल ठरवा, मग बोट लावा

‘जुना फोटो’ असा एकच प्रकार नसतो. फोटो ज्या पद्धतीने बनला आणि ज्या पद्धतीने विटला, त्यावर त्याचं रूप ठरतं. त्यामुळे गिऱ्हाइकाला आधी विचारा, “तुम्हाला पणजोबांच्या काळचा हवा, आजोबांच्या, की वडिलांच्या लग्नातला?”

पणजोबांचा काळ म्हणजे काचेच्या प्लेटांचा. आपल्याकडे हे वेड फार लवकर आलं. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. पुढे राजा दीनदयाळ यांच्यासारख्यांनी संस्थानिकांचे जे फोटो काढले ते या पद्धतीचे. त्या काळात कागदावर चक्क अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर द्यायचे. हा थर कालांतराने पिवळा पडतो. म्हणून त्या फोटोंत पांढरा भाग हस्तिदंती दिसतो आणि काळा भाग गडद तपकिरी.

इथे एक गोष्ट नव्वद टक्के फिल्टर चुकवतात, आणि हीच तुमची खरी कमाई आहे. त्या जुन्या प्लेटांना निळा प्रकाश दिसायचा, लाल जवळजवळ दिसतच नव्हता. परिणाम काय? आभाळ पांढरंफटक. निळं लुगडं फिकट. आणि कुंकू काळं! लाल नऊवारी कोळशासारखी. घरातला एखादा खरा जुना फोटो असेल तर कपाळावरचं कुंकू बघा. तुमच्या एडिटमध्ये लाल साडी फिकी करडी आणि आभाळ गडद आलं, तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण ‘काहीतरी खोटं आहे’ हे त्याला लगेच जाणवतं.

स्नॅपसीडमध्ये हे जमतं. ब्लॅक अँड व्हाइट टूल उघडलं की त्यात रंगीत फिल्टरचा पर्याय आहे. तिथे निळा निवडा. लाल गोष्टी गडद होतील, आभाळ उजळेल. अडचण एकच, चेहराही काळवंडतो आणि त्यावरचा प्रत्येक डाग वर येतो. त्या काळच्या फोटोग्राफरलाही हा त्रास होताच, ते निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहरे उजळायचे. आपली पेन्सिल म्हणजे मास्क. एडिट स्टॅकमध्ये जाऊन त्या इफेक्टचा ब्रश उघडा आणि चेहऱ्यावर तो निम्म्यावर आणा. पूर्ण काढू नका, नाहीतर चेहरा वेगळा चिकटवल्यासारखा दिसतो. आणि मास्क हे शेवटचं काम आहे असं समजू नका, ते इथेच उरका. पुढचा रंग सगळ्या फोटोवर एकसारखा चढायला हवा.

मग कर्व्हज. डाव्या खालचं टोक थोडं वर घ्या. जुन्या फोटोत ठार काळं उरत नाही. उजव्या वरचं टोक थोडं खाली. आता फक्त निळा चॅनल निवडून त्याचं उजवं टोक आणखी थोडं खाली ओढा. पांढऱ्या भागात पिवळटपणा येईल, काळ्यात कमी. हाच तो हस्तिदंती रंग. सगळ्या फोटोवर सारखा तपकिरी रंग फासण्यापेक्षा हे कितीतरी खरं दिसतं.

ग्रेन टाकू का? पणजोबांच्या फोटोत नाही! जुना म्हणजे दाणेदार, हा समज चुकीचा आहे. मोठ्या काचेच्या प्लेटवरून तेवढ्याच आकाराचा प्रिंट थेट निघायचा, म्हणून ते फोटो आश्चर्य वाटेल इतके स्वच्छ असतात. दाणे आले ते नंतर, छोट्या रोलवरून मोठे प्रिंट काढायला लागल्यावर.

म्हणजे ग्रेन हवा तो आजोबांच्या, साठ-सत्तरच्या दशकातल्या फोटोला. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ ब्रँड ज्यांना आठवतो त्यांना हे कृष्णधवल फोटो डोळ्यांसमोर येतील. पांढरी किनार, कधी कातरलेल्या कडा. इथे निळा फिल्टर लावू नका. तोपर्यंत फिल्मला सगळे रंग दिसायला लागले होते. साधा कृष्णधवल, थोडा ग्रेन, अगदी किंचित पिवळेपणा, बस्स.

वडिलांच्या लग्नाचा अल्बम वेगळाच. तो रंगीत, आणि बहुतेक वेळा लालसर झालेला. रंगीत प्रिंटमध्ये तीन रंगद्रव्यं असतात. त्या काळच्या कागदांत, अल्बम कपाटात बंद असला तरी, त्यातलं सायन म्हणजे निळसर-हिरवं द्रव्य आधी उडायचं. उरतो तो लाल आणि पिवळा. तेव्हा कर्व्हजमध्ये लाल चॅनलचं खालचं टोक उचला आणि कॉन्ट्रास्ट उतरवा. एवढ्यात ऐंशी साल उभं राहतं.

एडिटिंगच्या आधीचं काम

खुर्ची, डिश, विजेच्या तारा हीलिंग टूलने काढता येतात. पण गावातल्या घराचा फोटो असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय काहीही पुसू नका. तुम्हाला अडगळ वाटणारी दारातली सायकल त्यांच्यासाठी फोटोतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट असू शकते.

दुसरं, चेहरे ‘सुधारणारी’ एआय अ‍ॅप्स. धूसर चेहरा ती झकास स्पष्ट करतात, पण ते नाक-डोळे ती स्वतःच्या मनाने भरतात. गेलेल्या माणसाच्या फोटोला हे लावाल तर घरचे म्हणतील, “छान झालाय, पण ही आमची आई नाही.” धूसर राहिला तरी चालेल. जुन्या लूकमध्ये धूसरपणा तसाही खपून जातो.

फोटो मागवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नेहमीसारखा पाठवला की आकार घटतो. ८ बाय १२ इंचाच्या चांगल्या प्रिंटला २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तेवढे नसतील तर छोटी तसबीर सुचवा. पणजोबांच्या काळचे प्रिंट लहानच असत, त्यामुळे हे गिऱ्हाइकाला पटतंही. मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची, तिला हात लावायचा नाही.

प्रिंट चकचकीत कागदावर घेऊ नका, मॅट सांगा. फ्रेमवाल्याकडून माउंट लावून घ्या, म्हणजे काच आणि कागद यांच्यात फट राहते. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत प्रिंट काचेला चिकटला की तो सोडवताना फाटतोच.

हिशेब

पुढचे आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून घेतलेत, तुमच्या लॅबचे आणि फ्रेमवाल्याचे दर टाकून पुन्हा मांडा. समजा प्रिंट १२० रुपये, माउंटसकट फ्रेम ३५०, पॅकिंग आणि पोचवणं ७०. झाले ५४०. तुमचे दीड तास, ताशी २०० ने ३००. एकूण ८४०. तुम्ही १,२०० ला विकलं तर ३६० उरले. पण गिऱ्हाइकाने “जरा अजून पिवळा करा” म्हणून प्रिंट एकदा बदलायला लावला, की १२० गेले आणि वर तुमचा अर्धा तास. म्हणून प्रिंटच्या आधी मोबाइलवर नमुना दाखवा, ‘ठीक आहे’ असं लेखी घ्या, आणि निम्मी रक्कम आगाऊ. स्वतःचे तास धरायला बायका-पोरी सगळ्यात जास्त लाजतात. ताई, घरबसल्या केलं म्हणून ते फुकट होत नाही.

एका कामाला नाही म्हणायचं

हे व्हिडिओत मी मुद्दाम हळू बोललो. एखादा माणूस येईल आणि म्हणेल, “घराचा फोटो जुना करा, खाली १९७८ टाका, ऑफिसात दाखवायचाय.” आपल्या भागात जमीन, घर, भूखंड यांचे दावे वर्षानुवर्षं चालतात. त्याचा दावा कदाचित शंभर टक्के खराही असेल. तरी करायचं नाही. पुरावा म्हणून बनावट कागद किंवा फाइल तयार करणं हा भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे, आणि एडिट करणारे तुम्ही असता. शिवाय ते पकडलं गेलं तर त्या माणसाचे खरे कागदही संशयात येतात. त्याला सांगा, मोबाइलमधली मूळ फाइल जपून ठेवा, फोटो काढल्याची तारीख बहुतेक वेळा तिच्यातच नोंदलेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या कॉपीत ती सहसा उरत नाही.

तुमच्या प्रत्येक तसबिरीच्या मागे एक चिठ्ठी चिकटवा. मूळ फोटो कधीचा, कोणी काढला, एडिट कधी केलं, तुमचं नाव आणि नंबर. वीस वर्षांनी भिंतीवरून उतरवणाऱ्या नातवाला कळेल की हे घर १९२० सालचं नाही, २०१७ साली मोबाइलवर टिपलेलं आहे. आणि तुमची जाहिरात होते ती वेगळीच!

या आठवड्याचा गृहपाठ: घरातल्या अल्बममधून तिन्ही काळांचा एकेक खरा फोटो काढा. उन्हात नको, खिडकीजवळ सावलीत ठेवा. सगळ्यात काळा भाग खरंच काळा आहे का, पांढरा कुठे पिवळा पडलाय, कडेला की मधे, कुंकू कसं आलंय, एवढं वहीत लिहा. मग मोबाइलवरचा आजचा एक फोटो घेऊन त्यातल्या एकाशी जुळवा. पुढच्या व्हिडिओत फ्रेमवाल्याशी दर कसा ठरवायचा ते बघू.